ऑफिसचं सगळं बोलणं एका अ‍ॅपवर आणताय? या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात चॅट, फोन, मीटिंग आणि फायली एकत्र आणणारं अ‍ॅप सुरू होऊन तीन महिने झाले होते. मी गेलो, तर डिस्पॅचवाले गाड्यांचे नंबर अजून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत होते, खरेदीचे दर ईमेलवर होते आणि नव्या अ‍ॅपवर फक्त सोमवारची मीटिंग व्हायची. एखादा निरोप शोधायला आधी दोन जागा बघाव्या लागायच्या, आता तीन.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये मला सर्वांत जास्त दिसते ती चूक हीच. नवं आणलं जातं, जुनं बंद होत नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्स घ्या, वेबेक्स घ्या, नाहीतर झूम. निरोप, कॉल, फाइल आणि समोरचा माणूस मोकळा आहे की कॉलवर, हे सगळं एकाच ठिकाणी दिसावं यासाठी आपण पैसे मोजतो. अर्धं बोलणं बाहेर राहिलं की ते पैसे वाया.

म्हणून सुरुवात एकाच कामापासून करा. समजा, डिस्पॅच. तारीख ठरवा, त्या दिवशी जुन्या ग्रुपवर शेवटचा निरोप टाका आणि ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा. ग्रुप उडवू नका, जुने निरोप लागतात. आणि साहेबांनीही त्या दिवसापासून ‘गाडी निघाली का?’ हे नव्या अ‍ॅपवरच विचारायचं. साहेब व्हॉट्सअ‍ॅपवर राहिले तर सगळं ऑफिस तिथेच राहतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ड्रायव्हर आणि बाहेरचे ट्रान्सपोर्टवाले मात्र फोनवरच राहू द्या, त्यांना ओढून आणण्यात अर्थ नाही.

पहिल्याच दिवशी अ‍ॅपवर वीस-पंचवीस चॅनेल, म्हणजे कामावार ग्रुप, उघडू नका. चार-पाच पुरतात, आणि नावं रोजच्या बोलण्यातली ठेवा: डिस्पॅच, खरेदी, मेंटेनन्स.

आता तक्रारींची तक्रार: ‘आवाज तुटतो’. लगेच मोठा इंटरनेट प्लॅन घेतला जातो आणि आवाज तुटतच राहतो. एका साध्या व्हॉइस कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण १०० केबीपीएस, म्हणजे ०.१ एमबीपीएस पुरतात. स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसत असेल, तर दोष वेगाचा नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ आणि त्यातली अनियमितता नडते. एका बाजूने हा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं.

आधी लॅपटॉप केबलने जोडून कॉल करा. केबलवर ठीक आणि वायफायवर तुटत असेल, तर वायफाय तपासा. गाळ्यांच्या वसाहतीत शेजारपाजारचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर चढलेले असतात, तिथे एकमेकांत न मिसळणारे वायफायचे चॅनेल (लहरींचे पट्टे) तीनच: १, ६ आणि ११. शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झवर या. ठरावीक वेळीच सगळ्यांचा आवाज तुटत असेल, तर सीसीटीव्हीचं किंवा हिशेबाचं बॅकअप त्या वेळी वर चढतंय का बघा. ते रात्री लावा आणि राउटरमध्ये व्हॉइसला प्राधान्य द्या.

टेबलावरच्या आयपी फोनवर, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या फोनवर, एकाच बाजूचा आवाज येत असेल, किंवा कॉल साधारण ३२ सेकंदांनी न चुकता कटत असेल, तर राउटरमधली ‘एसआयपी एएलजी’ ही इंटरनेट कॉलच्या जोडणीत ढवळाढवळ करणारी सेटिंग बंद करून बघा. मीटिंगमध्ये प्रतिध्वनी येत असेल, तर बहुतेक वेळा एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक चालू असतात.

वीज गेली की काय होतं, हेही आधीच बघा. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून यायची. आयपी फोनला तसं नाही. कॉम्प्युटरला यूपीएस आणि राउटर भिंतीतल्या सॉकेटला, अशी ऑफिसं मी बरीच पाहिली.

बाहेरच्या फोन नंबरांशी जोडणी परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्या, स्वस्त जुगाडाच्या मागे लागू नका. तुमचा वर्षानुवर्षांचा नंबर कायम राहणार का, हे लेखी घ्या आणि मगच जुनी लाइन सोडा.

फुकट प्लॅनच्या मर्यादा वाचा. झूमवर मीटिंग ४० मिनिटांत संपते. स्लॅक या चॅट अ‍ॅपवर ९० दिवसांपूर्वीचं बोलणं दिसत नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी ठरलेला दर शोधायला गेल्यावरच ते कळतं.

नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करा.

आणि शांत वेळा, म्हणजे अ‍ॅपच्या सूचना वाजू नयेत अशा वेळा, पहिल्याच आठवड्यात लावा. सकाळची शिफ्ट संपवून ट्रान्स-हार्बर लोकलने घरी निघालेल्या माणसाचा फोन दुपारच्या शिफ्टच्या निरोपांनी ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत वाजत राहिला, तर तो त्या अ‍ॅपच्या सगळ्याच सूचना बंद करतो. मग दुसऱ्या दिवशी त्याच्या कामाचा निरोपही त्याला दिसत नाही.