डाग गेले, रोग नाही गेला: नवे समुद्री मासे क्वारंटाइनमध्ये ठेवताना या चुका टाळा

हडपसरच्या एका मुलाचा गेल्या महिन्यात फोन आला. टँग जातीचा नवा समुद्री मासा त्याने मोठ्या टाकीत सोडण्याआधी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या छोट्या टाकीत, ठेवला होता. "दादा, टँगच्या अंगावरचे ठिपके गेले. उद्या मोठ्या टाकीत सोडू का?" किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, चार. औषध काय घातलंस? काहीच नाही, आपोआप गेले.

ते आपोआप जातातच. खाऱ्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून 3 ते 7 दिवस पोट भरतो. पोट भरलं की स्वतःहून मासा सोडतो, तळाशी जाऊन काचेला, पाइपला, वाळूला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात त्याचे भाग पडत पडत शेकडो पिल्लं तयार होतात. बहुतेक कवचं 3 ते 28 दिवसांत उघडतात, काही 72 दिवसांपर्यंत टिकल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. म्हणजे चौथ्या दिवशी मासा स्वच्छ दिसतो, तेव्हा सगळे परजीवी खाली काचेला चिकटून बसलेले असतात.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एक ब्लू टँग मी सहाव्या दिवशी मोठ्या टाकीत सोडला, कारण तो सुंदर दिसत होता आणि मला धीर नव्हता. दोन आठवड्यांत सहा मासे गेले. त्यातली क्लाउनफिशची जोडी चार वर्षं माझ्याकडे होती. ती जोडी अजून आठवते, म्हणून फोनवर मी जरा कडक बोललो. ठिपके मोजू नकोस, दिवस मोज.

परजीवी ओळखण्याआधीच औषध ओतणं

सगळ्यात जास्त मासे इथे जातात. नव्या माशाच्या अंगावर काहीतरी दिसलं की हाताशी असेल ती बाटली पाण्यात जाते. पण प्रत्येक परजीवीला वेगळं औषध लागतं, आणि चुकीच्या औषधात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या उपमा मला इथे उपयोगी पडतात. व्हाइट स्पॉट म्हणजे अंगावर जाडा रवा भुरभुरल्यासारखा, एकेक दाणा वेगळा दिसतो. व्हेल्वेट हा दुसरा परजीवी, तो म्हणजे पिठीसाखर. टॉर्चचा उजेड तिरपा मारला तरच ती पावडर दिसते. ब्रुकलिनेला क्लाउनफिशवर जास्त येतो. त्यात ठिपके नसतात. अंगावरचा चिकट थर दुधाच्या सायीसारखा सुटतो आणि फाटक्या चिंध्यांसारखा लोंबतो. फ्लूक म्हणजे चपटे, पारदर्शक किडे. ते नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत; मासा अंग घासतो, डोळे धुरकट होतात, एवढंच कळतं. क्रोमिस माशाच्या कुशीवर लालसर जखमा दिसल्या तर युरोनेमा या परजीवीचा संशय घ्या.

व्हेल्वेटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण त्यात तासांचा प्रश्न असतो. तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो. अंगावर काही दिसायच्या आत मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड धरून उभा राहतो, खाणं सोडतो. एका परजीवीपासून 256 पर्यंत पिल्लं तयार होऊ शकतात. अशी लक्षणं दिसली तर ठिपक्यांची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी उपचार सुरू करा.

कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, व्हाइट स्पॉटवर आणि व्हेल्वेटवर चालतं. ब्रुकलिनेला, युरोनेमा आणि फ्लूक यांच्यावर त्याचा भरवसा नाही. ब्रुकलिनेलावरचं जुनं आणि खात्रीचं औषध फॉर्मालिन आहे. मात्र ते माणसालाही घातक आहे, पाण्यातला ऑक्सिजनही कमी करतं. हातमोजे, उघडी खिडकी, जोरात चालणारा एअर पंप, हे सगळं नसेल तर त्याला हात लावू नका. बाटलीत तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती बाटली माशांसाठी बाद.

गोड्या पाण्यातली सवय

आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात गोल्डफिश आणि गप्पींपासून झाली आहे. तिथे व्हाइट स्पॉट आला की दुकानदार सांगतो, मीठ टाका आणि हीटर 30 अंशांवर ठेवा. गोड्या पाण्यातल्या परजीवीवर ते चालतं. क्रिप्टोकॅरिऑन दिसायला त्याच्यासारखा असला तरी वेगळाच जीव आहे, खाऱ्या पाण्यातच राहणारा. मिठाचं त्याला काय? आणि 30 अंशांना तो मरत नाही, फक्त चक्र भराभर फिरतं आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये टाकी तशीही 30 च्या आसपास जाते, त्या उन्हाने कुणाचा व्हाइट स्पॉट बरा झालेला मी पाहिला नाही.

लसूण लावलेलं खाणं, क्लीनर श्रिम्प, यूव्ही लाइट यांपैकी कशानेही रोग जात नाही. लसणाने मासा खायला लागतो, तेवढा फायदा खरा.

क्षारता उतरवून उपचार करता येतो. विशिष्ट गुरुत्वाच्या मापात 1.009 ला आणून तिथेच ठेवली तर व्हाइट स्पॉट जातो; 1.012 ला थांबलात तर भरवसा नाही. व्हेल्वेटवर मात्र हा उपाय चालत नाही. आणि क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तपासून घेतलेला नसेल तर हा मार्ग धरूच नका.

कॉपर अंदाजाने घालणं

कॉपर मारतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालच्या आणि कवचातल्या परजीवीपर्यंत ते पोचत नाही. म्हणून कॉपर सुरू केल्यावर पहिले काही दिवस ठिपके वाढले तरी घाबरून औषध बदलू नका. आणि म्हणूनच पातळी महिनाभर एकसारखी लागते. एका रात्री ती खाली गेली आणि नेमकी त्याच रात्री कवचं उघडली, तर पिल्लं सुखरूप माशापर्यंत पोचतात. मग मोजणी पुन्हा शून्यापासून.

आता हिशेब. 24 × 12 × 15 इंचांची टाकी सगळे 70 लिटरची म्हणतात. पण तिच्यात पाणी 13 इंच असेल तर ते 61 लिटर भरतं, काचेची जाडी धरली तर आणखी कमी. डोस पाण्याला द्यायचा असतो, काचेला नाही. याच टाकीत कॉपर 2.25 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असताना 20 लिटर पाणी बदललं आणि नव्या पाण्यात कॉपर घालायचं विसरलात, तर पातळी 1.5 वर येते. माशामुळे पाण्यात साठणारा विषारी अमोनिया वाढला म्हणून घाईत पाणी बदलताना हमखास हे होतं. बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळून ठेवा.

कॉपरचे प्रकार दोन, आणि त्यांचे आकडे एकमेकांना लागू पडत नाहीत. कॉपर पॉवरसारखं चिलेटेड (कॉपर बांधून ठेवलेलं) औषध 2.0 ते 2.5 पीपीएमवर चालतं. दुसऱ्या प्रकारातल्या क्युप्रामाइनची पातळी 0.5 आहे. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर मासा मरतो किंवा परजीवी जगतो. टेस्ट किटही तुमच्या प्रकारचं कॉपर मोजणारंच हवं. रंगाच्या छटा जुळवण्यापेक्षा हॅना कंपनीचा डिजिटल चेकर बरा. तो महाग आहे हे मान्य, पण एका टँगच्या किमतीशी ताडून बघा. पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, व्हेल्वेट असेल तर त्याहून लवकर.

काही जण शेती औषधांच्या दुकानातून मोरचूद आणतात. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतो तोच. रसायन कॉपर सल्फेटच, पण त्याची शुद्धता फवारणीसाठी पुरेशी असते, आणि साध्या मोरचुदाची सुरक्षित पातळी 0.15 ते 0.20 इतकी अरुंद आहे. चिमटीने मोजायची ही गोष्ट नव्हे. मी तरी हे कुणाला सुचवणार नाही.

कॉपर असलेल्या टाकीत लाइव्ह रॉक (समुद्री दगड) आणि कोरल सँड (प्रवाळाची वाळू) नको; ते कॉपर शोषून घेतात आणि पातळी का घसरते ते तुम्हाला कळत नाही. फिल्टरमधला कार्बन काढा. क्लोरीन किंवा अमोनिया बांधणारी औषधं कॉपरसोबत घालू नका, काहींमुळे कॉपर माशाला जास्त विषारी होतं. आणि हे औषध मोठ्या टाकीत कधीही नाही. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, काहीच उरणार नाही.

घाईत उभी केलेली टाकी

मासा आधी आणि टाकी नंतर, असं झालं की परजीवीच्या आधी अमोनिया मारतो. एक स्पंज फिल्टर मोठ्या टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) किमान महिनाभर टाकून ठेवा, म्हणजे त्यात अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया बसतील. मासा येईल त्या दिवशी तो उचलून क्वारंटाइनमध्ये लावा. मोठ्या टाकीतच रोग असण्याची शंका असेल तर हा स्पंज वापरू नका, बाटलीतले बॅक्टेरिया घालून आधीच टाकी तयार करा. तळ उघडा ठेवा. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो. वर झाकण, कारण घाबरलेला मासा उडी मारतो.

पुण्यात दोन गोष्टींची तयारी वेगळी करावी लागते. दुरुस्तीसाठी गुरुवारी नळाचं पाणी बंद असण्याची आपल्याला सवय आहे, आणि अमोनिया नेमका गुरुवारीच वाढतो की काय असं मला कधी कधी वाटतं. आदल्या रात्रीच 20-25 लिटर आरओ पाण्यात मरीन सॉल्ट घालून, एअर स्टोन लावून ठेवा. घरातल्या पिण्याच्या आरओ मशीनला बहुतेक वेळा टीडीएस वाढवणारा स्क्रू असतो, तो बंद करून मीटरने आकडा बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट नको. दुसरी गोष्ट लाइट. औषध चालू असताना दोन तास लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंपच मासा वाचवतो.

डिसेंबरात उलट होतं. हीटर नसेल तर पहाटे पाणी 20 अंशांवर येतं, परजीवीचं चक्र मंदावतं आणि तुमचे 30 दिवस अपुरे पडतात. 26 अंशांवर स्थिर ठेवा.

पिशवीतून टाकीत

बरीच दुकानं मासे कमी क्षारतेत, 1.018 ते 1.020 च्या आसपास ठेवतात, आणि पाण्यात थोडं कॉपरही असतं. त्या थोड्या कॉपरने परजीवी मरत नाही, दबून राहतो. दुकानात नितळ दिसलेला मासा घरी आठव्या दिवशी ठिपक्यांनी भरतो तो त्यामुळे. दुकानदाराला सरळ विचारा: क्षारता किती, कॉपर आहे का, मासा किती दिवसांपूर्वी आला, खातो का. आणि समोर खायला घालायला सांगा.

मुंबईहून मासा आणलात तर एक्स्प्रेसवे आणि घाट धरून तो चार तास पिशवीत असतो. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. अशा वेळी दीड तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला विषात ठेवणं. त्यापेक्षा दुकानाची क्षारता फोनवर विचारून क्वारंटाइन टाकी आधीच तेवढ्यावर आणा, बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. क्षारता नंतर रोज 0.001 ते 0.002 इतकीच वाढवा.

फ्लूकला एकच डोस

गोड्या पाण्याची डुबकी इथे निदानाला उत्तम. क्लोरीन नसलेलं पाणी, तापमान टाकीइतकंच, चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच 8.2 च्या आसपास, एअर स्टोन चालू. पाच मिनिटं. फ्लूक असतील तर ते पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. काळं भांडं घेतलंत तर स्पष्ट दिसतात. मासा आडवा पडला आणि सावरला नाही तर लगेच बाहेर काढा. या डुबकीने व्हाइट स्पॉट जात नाही, तो त्वचेखाली सुरक्षित असतो.

औषध प्राझिक्वांटेल, साधारण 2.5 मिलिग्रॅम प्रति लिटर. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून 5 ते 7 दिवसांनी दुसरा डोस हवाच. बाहेर आलेल्या किड्यांनी नवी अंडी घालायच्या आत. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत प्राझिक्वांटेलसोबत बहुधा दुसरी औषधंही असतात. त्या कुटून टाकीत घालू नका. डोसनंतर पाणी पांढुरकं झालं तर बॅक्टेरिया वाढलेत, हवा वाढवा.

एकच जाळी दोन टाक्यांना

क्वारंटाइनची जाळी, बादली, सायफन नळी, हात पुसायचा टॉवेल, सगळं वेगळं. मी लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवतो. आधी मोठ्या टाकीचं काम, मग क्वारंटाइनचं, उलट कधीच नाही. व्हेल्वेटची पिल्लं हवेतल्या तुषारांबरोबर 3 मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे, म्हणून वन बीएचकेमध्ये दोन्ही टाक्या एकाच भिंतीला लावणं टाळा. एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये.

मोठ्या टाकीत रोग शिरलाच असेल तर सगळे मासे बाहेर काढून ती 76 दिवस माशांविना ठेवायची. एकही मासा आत राहिला, अगदी दगडामागचा छोटा गोबीसुद्धा, तर ते 76 दिवस वाया.

हडपसरच्या त्या मुलाने टँग पुन्हा क्वारंटाइनमध्येच ठेवला आणि कॉपर सुरू केलं. नवव्या दिवशी ठिपके परत आले, मग गेले. तो रोज रात्री पातळी, तापमान आणि अमोनिया वहीत लिहून मला फोटो पाठवतो. आज चोवीसावा दिवस आहे. महिना झाला की कार्बन लावून कॉपर काढायचं, आणि मग दोन आठवडे औषधाविना नुसतं बघत राहायचं. आहारात नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि स्पिरुलिना चालू ठेव, एवढं त्याला आज सांगितलं.