मोरचुदाची पाच बीकरं: प्रयोगाआधीची तयारी

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाची संहती, म्हणजे दाटपणा, वाढवली की त्यातून वाहणारी वीजधारा किती वाढते, हे पाहायचा हा प्रयोग. द्रावणं आदल्या दिवशीच करून ठेवा. ऐन तासाला तराजूपाशी रांग लागली की वजनात घाई होते. मोरचूद 100 ग्रॅम घ्या, 300 मिलि कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच 400 मिलिपर्यंत पाणी भरा. हे 1 मोलर द्रावण, म्हणजे लिटरला 1 मोल मोरचूद. त्यातलं 20, 40, 60, 80 मिलि वेगवेगळ्या बीकरमध्ये घेऊन प्रत्येक 100 मिलि करायचं, पाचव्यात नुसतं मूळ द्रावण. उरलेलं सांडलवंडीसाठी असू द्या. कृषी सेवा केंद्रात बोर्डो मिश्रणासाठी मिळणारं मोरचूद स्वस्त पडतं, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. बोअरचं पाणी तर नकोच. त्यात आधीच क्षार असतात आणि मोरचूद पडताच ते गढुळतं.

आता खरी मेख. बदलायची फक्त संहती, बाकी सगळं जिथल्या तिथे. तांब्याच्या दोन सारख्या पट्ट्या पॉलिश पेपरने चकचकीत घासा, धुवा, कोरड्या करा, आणि पुढे फक्त कडेला धरा. बुडवायच्या खोलीची रेघ पट्टीवर आधीच ओढा, कारण पट्टी दुप्पट बुडाली तर धाराही जवळपास दुप्पट होते आणि श्रेय उगाच संहतीला जातं. दोन पट्ट्यांमधलं अंतर हाताने धरून टिकत नाही, प्लास्टिकच्या फळीला खाचा पाडून घ्या. पट्टीला तार जोडणारा मगरचिमटा द्रावणाबाहेरच हवा. लोखंडी चिमटा बुडाला की त्यावर लालसर तांबं चढायला लागतं.

वीज डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) पुरवठ्यातूनच, घरच्या प्लगमधून थेट कधीही नाही. तांब्याच्या पट्ट्यांना 2 व्होल्ट पुरतात. व्होल्टमीटर पट्ट्यांना समांतर जोडा आणि प्रत्येक बीकरला विभवांतर (व्होल्टेज) पुन्हा 2 वर आणा, कारण धारा वाढली की ते घसरतं. धारेचं वाचन कळ दाबल्यावर ठरलेल्या सेकंदाला, समजा 30व्या. तापमानाची नोंदही ठेवा, एका अंशाला द्रावणाची वीज वाहून नेण्याची क्षमता साधारण 2 टक्क्यांनी वाढते. सुरुवात सगळ्यात विरल द्रावणापासून करा.

संहती आणि धारेचा आलेख सरळ रेषेत येणार नाही, हे वहीत आधीच लिहून ठेवा. दाट द्रावणात तांब्याचे आणि सल्फेटचे आयन (विद्युतभारित कण) एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे संहती पाचपट झाली तरी धारा पाचपट होत नाही. रेषा वाकली म्हणून आकडे ‘सुधारणारे’ दर वर्षी भेटतात!

हातमोजे, चष्मा आणि जुन्या लोखंडी खिळ्यांची पुडी विसरू नका. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, माशांना ते विषारी असतं. खिळे टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा, आणि मग प्रयोगशाळा सहायकांच्या ताब्यात द्या.