दोन वर्षांचं मूल जेवेना, तेव्हा आधी दूध मोजलं (माझा अनुभव)

मूल जेवत नाही म्हटलं की आपण पदार्थ बदलत बसतो. खरा फरक पडला तो दूध मोजून दिल्यामुळे. या वयात दिवसाला साधारण ५०० मिली दूध पुरे होतं. त्यापुढे पोट दुधानेच भरतं, आणि गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. बाटली बंद करून दूध कपातून, मधल्या खाण्याबरोबर द्या. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. बिस्किटाचा तुकडासुद्धा नको.

आता ताट. त्यात एक ओळखीचा पदार्थ हवाच, नवा फक्त चमचाभर. तो दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मूल चाखतं, म्हणून दोनदा नाकारला की सोडून देऊ नका.

पालकाची भाजी बऱ्याचदा बुळबुळीतपणामुळे नाकारली जाते. दोन मोठे चमचे बारीक चिरलेला पालक तेलावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, मग एका फेटलेल्या अंड्यात मिसळून तव्यावर पसरा. पाणी राहिलं तर थर उलटताना तुटतो. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी अंडं घट्ट होऊ द्या आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापा. सोबत संत्र्याची बी काढलेली बारीक फोड द्या, क जीवनसत्त्वामुळे पालकातलं लोह जास्त शोषलं जातं. अख्खी द्राक्षं, दाणे मात्र अजिबात नकोत, घशात अडकतात.

वीस-पंचवीस मिनिटांनी ताट शांतपणे उचला. वजन घटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.