ग्लुऑन्सचा स्पिन मोजताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक अगदी शेवटच्या ओळीत होते. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या रिक या कोलायडरवर (कणांचे झोत एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रावर) २००९ साली घेतलेला डेटा धरून २०१४ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात प्रोटॉनच्या स्पिनमध्ये (अंगभूत कोनीय संवेगात) ग्लुऑन्सचा, म्हणजे प्रोटॉनमधल्या क्वार्क्सना बांधून ठेवणाऱ्या कणांचा, वाटा सुमारे ०.२ निघाला. तो आकडा वाचून लोक ‘वीस टक्के’ लिहून मोकळे होतात. अहो, प्रोटॉनचा स्पिनच मुळात १/२! अर्ध्यातले ०.२ म्हणजे चाळीस टक्के. क्वार्कच्या स्पिनसाठी जो ०.३ दिला जातो, तो मात्र बेरजेत निम्मा करून घ्यायचा असतो, म्हणून तो खरोखरच तीस टक्के.

प्रत्यक्ष मोजणीत घात होतो तो ल्युमिनॉसिटीच्या (टकरी किती होऊ शकतात त्या मापाच्या) गुणोत्तरात. ‘ब्लू’ आणि ‘यलो’ या दोन झोतांतल्या प्रोटॉन्सची हेलिसिटी (स्पिन गतीच्या दिशेने की उलट) सारखी असताना किती जेट्स (टकरीतून निघणारे कणांचे फवारे) मिळाले आणि विरुद्ध असताना किती, यातला एकूण संख्येच्या प्रमाणातला फरक, म्हणजेच असममिती, आपण शोधतो. प्रत्येक झोताचं ध्रुवीकरण (स्पिन एकाच दिशेने असण्याचं प्रमाण) ५५ टक्के धरा. गुणाकार आला ०.३०. म्हणजे खरी असममिती ०.०१ असली, तरी डेटात ती ०.००३ एवढीच दिसणार. आता या दोन स्थितींतल्या ल्युमिनॉसिटीचं गुणोत्तर फक्त एक हजारांशाने चुकवून बघा. ०.०००५ ची खोटी असममिती तयार होते आणि ०.३० ने भागल्यावर ती ०.००१७ होते. खऱ्या उत्तराचा सहावा हिस्सा! म्हणून हे गुणोत्तर दोन वेगळ्या डिटेक्टर्सवरून काढा आणि जुळतंय का ते पाहा. एकाच झोताची हेलिसिटी धरून असममिती काढा. प्रबळ बलात पॅरिटी (आरशातल्या प्रतिमेशी असलेली सममिती) टिकते, त्यामुळे ती शून्याशी जुळायला हवी. नसेल जुळत, तर पुढे जाऊच नका.

ट्रिगरकडेही (कोणती टक्कर नोंदवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेकडेही) लक्ष असू द्या. तो क्वार्कच्या जेट्सना झुकतं माप देतो. सिम्युलेशनमधून ती दुरुस्ती करावीच लागते.

ग्लुऑन्सच्या वाट्याच्या चिन्हाचं काय? दोन ग्लुऑन्सच्या टकरीत ग्लुऑनच्या ध्रुवीकरणाचा वर्ग येतो, त्यामुळे धन की ऋण हे त्यातून ठरत नाही. क्वार्क-ग्लुऑन टकरीतून निघणारा थेट फोटॉन (प्रकाशकण) ते सांगू शकतो, कारण तिथे ते एकाच घाताने येतं. रिकवरच्या फिनिक्स या प्रयोगाने ५१० जीईव्ही ऊर्जेच्या टकरींत हे फोटॉन मोजले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालाने ऋण पर्याय मागे पडला. माझ्या मते ही या क्षेत्रातली फार देखणी मोजणी आहे.

आणि तो ०.२ लिहाल तिथे शेजारी ‘x > ०.०५’ लिहाच. x म्हणजे ग्लुऑनकडे असलेला प्रोटॉनच्या संवेगाचा हिस्सा; त्याहून कमी हिस्सा घेऊन फिरणारे असंख्य ग्लुऑन्स त्या आकड्यात धरलेलेच नाहीत.