मेमॉयर ४४ : शत्रू दिसतो की नाही, हे कसे ठरवावे

दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीच्या चढाईला साठ वर्षे पूर्ण झाली त्या २००४ साली आलेल्या, रिचर्ड बोर्ग यांनी रचलेल्या 'मेमॉयर ४४' या खेळात पटावर प्लास्टिकचे सैनिक, रणगाडे आणि तोफा मांडाव्या लागतात, आणि त्या हुबेहूब असल्यामुळेच वाद उद्भवतो. खेळाडू टेबलाशी वाकून, एक डोळा मिटून, आपल्या सैनिकाला जंगलापलीकडचा रणगाडा दिसतो का ते पाहू लागतो. नियमांच्या दृष्टीने ही कसरत निरर्थक आहे, कारण तुकडीचे स्थान म्हणजे ती ज्या षटकोनी घरात आहे ते संपूर्ण घर असते. त्या घरात सैनिक कोणत्या कोपऱ्यात उभे आहेत किंवा तोफेचे तोंड कोणीकडे आहे, याला काहीही महत्त्व नाही.

म्हणून प्रथम एक दोरा घ्यावा आणि मारा करणाऱ्या घराच्या मध्यबिंदूपासून लक्ष्याच्या घराच्या मध्यबिंदूपर्यंत ताणून धरावा. मधल्या ज्या घरातून दोरा जातो, तेथे जंगल, गाव, टेकडी किंवा कोणतीही तुकडी असेल, मग ती स्वतःचीच का असेना, तर लक्ष्य दिसत नाही. दोन्ही टोकांच्या घरांतील भूभाग मात्र आड येत नाही. लक्ष्य जंगलात असेल, तर मारा करणाऱ्या पायदळाचा एक आणि रणगाड्यांचे दोन फासे कमी होतात, पण ते दिसते. या दोन गोष्टींची गल्लत नवखे खेळाडू हमखास करतात.

खरी अडचण दोरा दोन घरांच्या सामाईक कडेवरून जातो तेव्हा येते. अशा वेळी कडेच्या एकाच बाजूला अडथळा असल्यास दृष्टी खुली राहते आणि दोन्ही बाजूंना असल्यासच ती बंद होते. पायदळ व रणगाडे यांचा पल्ला तीन घरांचा असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा पेच फक्त दोन घरांच्या अंतरावर, तेही तेथील बारापैकी सहाच घरांबाबत उद्भवतो. तीन घरांच्या अंतरावर रेषा नेहमी मधल्या दोन घरांच्या पोटातूनच जाते, त्यामुळे त्यांपैकी एकातही अडथळा असला की मारा करता येत नाही. तोफखान्याला दृष्टीची अटच नसल्याने त्याच्यासाठी दोरा काढू नये.

टेकडीचा अपवाद आधीच समजून घ्यावा: एकमेकींना लागून असलेल्या टेकड्यांच्या सलग रांगेवरील तुकड्या परस्परांना दिसतात, मधली घरे टेकडीचीच असली तरीही.

माघारीतही घराचाच विचार करावा. माऱ्याच्या फाशावर झेंडा पडला, की मारा झालेली तुकडी आपल्या बाजूच्या मागील दोन घरांपैकी एका घरात जाते, आणि ते घर तिचा मालक निवडतो. मात्र पटावरील तेरा व बारा घरांच्या एकाआड एक ओळींपैकी तेरा घरांच्या ओळीत अगदी कडेला असलेल्या तुकडीला मागे एकच घर असते, कारण पटाच्या कडेची अर्धी घरे खेळात धरली जात नाहीत. ते एक घरही व्यापलेले असेल, तर माघारीऐवजी एक सैनिक गमवावा लागतो.

दोरा ताणणे आणि त्यावरचा निर्णय हे फासे टाकण्यापूर्वीच व्हावे, कारण फासे पडल्यानंतर दोघांच्याही डोळ्यांना रेषा वेगवेगळी दिसू लागते. पटाची जोडणी किंचित सरकल्यामुळे दोरा नेमका कुठून जातो याबद्दल शंका आली, तर हाताने अंदाज करत बसण्यापेक्षा घरे मोजून ते अंतर दोनचे आहे की तीनचे, ते पाहावे; तीनचे असल्यास दोरा कडेवरून जातच नाही, आणि दोनचे असल्यास दोन्ही घरांना लागून असलेले मधले घर एकच आहे की दोन, एवढेच पाहावे.