कॉन्करंट मॅनेजर सेट करताना या चुका टाळा

ऑरॅकल ई-बिझनेस सूट या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टसारखी कामं रिक्वेस्ट म्हणून रांगेत लागतात आणि कॉन्करंट मॅनेजर ती मागच्या मागे चालवतात. रिक्वेस्ट अडकल्या की नवखा माणूस आधी स्टँडर्ड मॅनेजरची, म्हणजे सर्वसाधारण कामं उचलणाऱ्या मॅनेजरची, वर्क शिफ्ट (कोणत्या वेळी किती प्रोसेसेस चालवायच्या ती सेटिंग) उघडतो आणि प्रोसेसेसचा आकडा वाढवतो. दहाचे तीस, तीसचे पन्नास. रिक्वेस्टचं स्टेटस मात्र वाचत नाही. दुखणं नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

पेंडिंग नॉर्मल असेल तर मॅनेजर मोकळा व्हायची वाट बघणं चाललंय. पेंडिंग स्टँडबाय असेल तर सोबत चालू न शकणारा प्रोग्रॅम आधीच चालू आहे आणि कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन मॅनेजरने रिक्वेस्ट रोखून धरली आहे. इनॅक्टिव्ह, नो मॅनेजर असेल तर ती उचलणारा कुणी नाही, किंवा रन अलोनवाल्या, म्हणजे एकट्यानेच चालायची अट असलेल्या, प्रोग्रॅमने सगळ्यांना अडवलंय. आकडा वाढवून फायदा झालाच तर फक्त पहिल्या प्रकारात.

हे 'किंवा' लोक विसरतात. एका कंपनीत महिनाअखेरीला पोस्टिंग (नोंदी खातेवहीत चढवणं) ठप्प झालं आणि नव्या रिक्वेस्ट धडाधड नो मॅनेजर दाखवू लागल्या. मी पाहिलं तोवर मॅनेजर दोनदा रीस्टार्ट झाले होते, एक नवा मॅनेजर बनला होता आणि प्रोसेसेस कित्येक पट वाढवल्या होत्या. प्रत्येक प्रोसेस स्वतःचं डेटाबेस सेशन उघडते, त्यामुळे सर्व्हरही धापा टाकत होता. ॲडमिनिस्टर स्क्रीनवर ॲक्च्युअल (चालू असलेल्या प्रोसेसेस) आणि टार्गेट (चालू असायला हव्यात तेवढ्या) हे आकडे जुळत होते, म्हणजे मॅनेजर ठणठणीत होते. चालू रिक्वेस्ट मात्र एकच, एक कस्टम रिपोर्ट. त्याच्या व्याख्येत रन अलोनवर टिक होती. एकाच वेळी दोन प्रती चालल्या की तात्पुरत्या टेबलात गोंधळ व्हायचा, म्हणून डेव्हलपरने हा शॉर्टकट मारलेला. रिपोर्ट रद्द केला आणि रांग हलली. खरा उपाय होता इनकम्पॅटिबिलिटीजमध्ये (सोबत चालू न शकणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत) त्या प्रोग्रॅमला स्वतःशीच विसंगत ठरवणं. दोन मिनिटांचं काम. रन अलोनची टिक दिसली की मी आधी कारण विचारते, आणि पटण्याजोगं कारण क्वचितच मिळतं.

दुसरी चूक स्पेशलायझेशन रूल्सची, म्हणजे कोणत्या मॅनेजरने कोणते प्रोग्रॅम चालवायचे या नियमांची. लांबलचक रिपोर्टसाठी वेगळा मॅनेजर काढला, त्यात प्रोग्रॅम इन्क्लूड केला, आणि लोक तिथेच थांबतात. स्टँडर्ड मॅनेजरमधून तो एक्सक्लूड केला नाही तर स्टँडर्ड मॅनेजरही तेच रिपोर्ट उचलत राहतो आणि छोट्या रिक्वेस्ट ताटकळतात. उलट, एक्सक्लूड करून नव्या मॅनेजरला फक्त रात्रीची शिफ्ट दिली, तर दिवसा तो प्रोग्रॅम चालवणारं कुणी उरत नाही. मी दोन्ही स्क्रीन शेजारी उघडून दोन्ही नियम एकाच बैठकीत लिहिते आणि लगेच एक चाचणी रिक्वेस्ट टाकून ती कोणत्या मॅनेजरकडे गेली ते पाहते. घाई असली तरी.

कॅशे साइज वाढवला की मॅनेजर तेवढ्या रिक्वेस्ट आधीच वाचून ठेवतो, मग मधेच टाकलेली तातडीची रिक्वेस्ट त्याला लगेच दिसत नाही. लांब कामांच्या मॅनेजरला 1 पुरे, छोट्या कामांच्या मॅनेजरला 3 किंवा 4.

मॅनेजर थांबवताना टर्मिनेट आणि डीॲक्टिव्हेट एकच समजू नका. डीॲक्टिव्हेट चालू रिक्वेस्ट पूर्ण होऊ देतो, टर्मिनेट त्या तोडतो.

मॅनेजरच्या टेबलांमधल्या शिळ्या नोंदी साफ करणारी सीएमक्लीन स्क्रिप्ट मॅनेजर चालू असताना कधीही, कुणी कितीही घाई केली तरी चालवू नका. आधी मॅनेजर थांबवा आणि एकही एफएनडीएलआयबीआर (मॅनेजरची) प्रोसेस उरली नाही याची ऑपरेटिंग सिस्टिमवर खात्री करा. ही स्क्रिप्ट टेबलांमधल्या नोंदी थेट बदलते. खाली जिवंत प्रोसेस असेल तर टेबल एक सांगतं आणि सर्व्हर दुसरं.

एक्सएमएल पब्लिशरचा (साच्यावरून आउटपुट बनवणाऱ्या साधनाचा) रिपोर्ट वॉर्निंगने संपला, तर ते आउटपुट तयार करणाऱ्या आउटपुट पोस्ट प्रोसेसरचा लॉग वाचा. तिथे टाइमआउट असेल तर संबंधित प्रोफाइल सेटिंगमधली मुदत वाढवा, मेमरी संपली असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. स्टँडर्ड मॅनेजरचा यात संबंध नाही.

आणि जुन्या रिक्वेस्ट साफ करणारा पर्ज प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी शेड्यूल करा.