घरटी पाहताना या चुका टाळा: मोरघार, गिधाडे आणि गोदाकाठचे पक्षी

मोरघारीचे घरटे नाशिकमध्ये शोधू नका. मोरघार, म्हणजे ऑस्प्रे, नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे निफाडजवळच्या गोदावरीकाठच्या पक्षी अभयारण्यात, येते ती हिवाळी पाहुणी म्हणून. तिची वीण उत्तरेकडे, थंड मुलखात होते. निफाडकडच्या एखाद्या झाडावर काटक्यांचे घरटे दिसले आणि त्यावर घार असली, तर ती आपली नेहमीची घार. तिची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते आणि अंग तपकिरी. मोरघारीचे पोट पांढरे असते आणि डोळ्यावरून मानेकडे गडद पट्टी जाते.

पण घरटे नाही म्हणून जवळ गेले तरी चालते, असे समजू नका. मोरघार मासा पकडून वाळक्या झाडावर बसते आणि सावकाश खाते. त्या वेळी कोणी कॅमेरा घेऊन पुढे सरकले की तिला उठावे लागते, कधी मासाही हातचा जातो. माशासाठी पाण्यात मारलेला तिचा प्रत्येक सूर फळत नाही, त्यामुळे हे नुकसान लहान नसते. अभयारण्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून ८×४२ ची दुर्बीण, किंवा तिवईवर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण), एवढे पुरते.

पक्षी उडेपर्यंत थांबणे

सगळ्यांत जास्त घडणारी चूक ही. पक्षी उडाला म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. त्याआधीच्या खुणा ओळखायला शिका: चरणे किंवा पिसे साफ करणे थांबते, मान ताठ होते, नजर तुमच्यावर खिळते, आवाज वाढतो, किंवा अंड्यांवरचा पक्षी एकदम चपटा होऊन बसतो. ही शेवटची खूण लोकांना 'पक्षी शांत आहे' अशी वाटते. तो शांत नसतो, लपत असतो. अमुक मीटर अंतर सुरक्षित, असा सरसकट नियम नाही. मान वर झाली की दोन पावले नव्हे, चांगले वीस-तीस पावले मागे या.

मोरघार तिच्या उत्तरेकडच्या मुलखात दोन-तीन अंडी घालते आणि साधारण ३८ दिवस उबवते. या काळात रोजच्या, ठरलेल्या हालचालीची तिला सवय होते; अचानक नवीन काही सुरू झाले तर ती बिथरते. स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टनला १९५९ पासून लोकांना तिचे घरटे दाखवले जाते, ते याच कारणाने ठरलेल्या लपणातून आणि दुरून.

अंजनेरीचा कडा

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वीण होते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते सुमारे ५० दिवस उबवले जाते आणि पिल्लू पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ कपारीत राहते. अंडे किंवा पिल्लू गेले की त्या जोडीचे वर्ष गेले. म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात घरट्यांच्या कड्यावर दोराने उतरणे किंवा कपारीवरून वाकून डोकावणे टाळा. वरून आलेली आकृती पक्ष्याला जास्त धोक्याची वाटते. खालून, वाटेवरूनच पाहा. कड्यावरच्या पांढऱ्या विष्ठेच्या रेघांवरून जागा कळते. ड्रोन तर नकोच.

वाळूतली अंडी

उन्हाळ्यात पाणी ओसरले की नदी सुरय, टिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि रंग खड्यांचा. ती पायाखाली येतात ही भीती आहेच, पण मोठा धोका उन्हाचा. अंड्यातल्या जिवाला साधारण ३७-३८ अंश सेल्सिअस मानवते, आणि ४१ च्या आसपास तो तग धरत नाही. दुपारी तापलेली वाळू याच्या कितीतरी पुढे जाते. टिटवी म्हणूनच पोटाची पिसे ओली करून अंड्यांवर बसते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर पालक दूर, अंडी उन्हात, आणि कावळा बघत बसलेला. पाहायचे तर पहाटे पाहा आणि बेटावर उतरू नका.

फोटोसाठी फांदी तोडणे किंवा अंड्यांजवळचा दगड हलवणे ही साधी चूक नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटे विस्कळीत करणे 'शिकार' या व्याख्येतच येते. आवाजाचे रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलावणे आणि फ्लॅश, दोन्ही बंद. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोतली लोकेशन माहितीही काढून टाका.

पक्षी उठलाच तर

थांबू नका, फोटो घेऊ नका, आल्या वाटेने लगेच मागे फिरा. दुरून, आडोशाने, दुर्बिणीतून पाहा. पालक परत बसला नाही तर आणखी मागे सरका. पक्षी झाडाभोवती घिरट्या घालत ओरडत असेल, तर अडथळा अजून तुम्हीच आहात. जमिनीवर पडलेले पिल्लू दिसले तर ते उचलून घरी नेऊ नका आणि पाणी पाजू नका. जागा लक्षात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.